जुना फिल्टर घेऊन या

पिकअप गाडीचा एअर फिल्टर कसा निवडावा, या विषयावर माझ्याइतकं वाचन केलेला माणूस आमच्या गावात दुसरा नसावा. हे मी फुशारकीने सांगत नाही. फुशारकी मारावी असं माझ्या हातून आजवर काही घडलेलं नाही, आणि जे घडलं ते सांगावं की सांगू नये या विचारात दोन पानं लिहून फाडूनही झाली. हे तिसरं.

मुळात माझ्यासारख्याकडे पिकअप कशी, असं माझी ताई दर रविवारी फोनवर विचारते. तिचा प्रश्न रास्त आहे. मी चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यानंतर दोन वर्षांनी ग्रंथालयाने फिरत्या वाचनालयाची गाडी लिलावात काढली. मी त्या लिलावाला गेलो, कारण त्या दिवशी जायला दुसरी जागा नव्हती. गाडीच्या मागच्या फळ्यांवर शेवटच्या फेरीची काही पुस्तकं तशीच राहिली होती. ती गाडीबरोबर जाणार की परत ग्रंथालयात येणार, एवढी एक शंका विचारायला मी हात वर केला. भरल्या सभेत मी हात वर केल्याचा आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग. हातोडा पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "अहो, मला फक्त विचारायचं होतं," हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पण टाळ्या वाजवणाऱ्यांचा हिरमोड करणं मला जमेना. मी कागदांवर सह्या केल्या. पुस्तकं परत ग्रंथालयात गेली.

गाडी चालवता येत होती, कारण फिरत्या वाचनालयाचा चालक वर्षातले चार महिने रजेवर असे. तेव्हा मी ती घेऊन आलो आणि सोसायटीच्या अंगणात, सायकलींच्या रांगेपलीकडे लावली. आणि माझ्या दाराची बेल वाजू लागली.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात माझी बेल अकरा वेळा वाजली होती, आणि त्यातल्या नऊ वेळा माणूस मजला चुकला होता. आता मात्र आठवड्याला एखादा तरी येई. कुणाचा फ्रीज आणायचा असे, कुणाच्या सासूबाईंचा पलंग हलवायचा असे, कुणाला गच्चीवर टाकायला वाळू हवी असे. सामान मागे जाई आणि सामानाचा मालक माझ्या शेजारी कॅबिनमध्ये बसे. फ्रीज, पलंग, वाळू यांच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. माझं लक्ष असे ते शेजारच्या जागेकडे. बंद कॅबिनमध्ये शेजारी बसलेला माणूस काही ना काही बोलतोच. मुलीचं लग्न जमत नाही, साहेब बदली करणार म्हणतो, गुडघा कुरकुरतो. मी ऐकत असे. घरी आल्यावर त्या गोष्टी मला दोन-तीन दिवस पुरत.

तर एअर फिल्टर. इंजिनाला डिझेलाबरोबर हवा लागते, आणि त्या हवेतली धूळ अडवायला कागदाच्या बारीक घड्यांचं एक नळकांडं असतं, बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढं. मी एकदा सहज डबा उघडून ते बाहेर काढलं. तीन घड्यांना चीर गेली होती. ही वस्तू लोखंडाची असती तर मी नमस्कार करून परत ठेवली असती. पण कागद! फाटलेला कागद दिसला की माझे हात शिवशिवतात. मी मैद्याची खळ शिजवली, त्यात चिमूटभर मोरचूद घातला, पातळ कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि तिन्ही चिरा सांधल्या. मग वाटलं, उरलेल्या घड्याही आता नाजूक झाल्या असतील. म्हणून सगळ्या घड्यांवर खळीचा एकेक हलका हात फिरवला. दोन दिवस सावलीत वाळवलं. फिल्टर इतका ताठ आणि नेटका झाला की डब्यात बंद करताना वाईट वाटलं.

पुढच्या सकाळी शिक्षिकाबाईंची लाकडी फडताळं आणायची होती. या बाई दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि एकदा बोलायला लागल्या की तास संपल्याची घंटा होईपर्यंत थांबत नाहीत. त्यामुळे मी त्या फेरीची आठवडाभर वाट पाहत होतो. मी गाडी सुरू केली. गाडी खोकली, थरथरली, आणि मागून असा काळा धूर निघाला की अंगण दिसेनासं झालं. धूर विरला तेव्हा शिक्षिकाबाई दोरीवरची चादर हातात धरून उभ्या होत्या.

"काका," त्या म्हणाल्या, "ही चादर पांढरी होती."

त्यांनी 'होती'वर जो जोर दिला तो मी अजून विसरलेलो नाही. मी म्हटलं, नवी आणून देतो. त्या म्हणाल्या, "चादरीचं राहू द्या हो, आधी गाडीचं बघा. आणि फडताळांचंही राहू द्या."

दोन दिवसांनी फलकावर नोटीस लागली. खाली सेक्रेटरींची सही होती. आठ दिवसांत गाडीचा धूर बंद करावा, अन्यथा गाडी अंगणातून हलवावी. बाहेरच्या रस्त्यावर गाडी उभी करायला मनाई आहे, म्हणजे हलवावी याचा अर्थ विकावी. आणि गाडी गेली की बेल गेली. मी ती नोटीस चार वेळा वाचली. तीत दोन ठिकाणी अनुस्वार राहिला होता. एरवी मी पेन्सिलीने दिला असता. त्या दिवशी दिला नाही. आरोपीने आरोपपत्र तपासून देऊ नये.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. सेक्रेटरी स्वतः खाली आले, कमरेवर हात ठेवून बॉनेटभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "डिझेलात पाणी असणार." तळमजल्यावरचे शिंपीमामा म्हणाले, "काका, फिल्टर काढूनच फेका. माणूस नाकात बोळा घालून श्वास घेतो का?" शिक्षिकाबाई वरून म्हणाल्या, "फिल्टर साबणाच्या पाण्यात भिजत घाला आणि वाळत टाका. पण माझ्या दोरीवर नको." ओला कागद या कल्पनेनेच माझ्या अंगावर काटा आला. तरी खरं सांगायचं तर ते दोन-तीन दिवस वाईट गेले नाहीत. संध्याकाळी माझ्या गाडीभोवती चार माणसं उभी असत, भांडत असत, आणि मी मध्ये असे. फक्त कुणी डबा उघडायला गेलं की मी आडवा होई. "नको, हात काळे होतील," असं म्हणे.

कारण धूर कशाने येतो ते मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं.

आणि ते मी कुणाला सांगणार नव्हतो. पुस्तकाचं पान फाडून वर चिकटपट्टी लावून आणणाऱ्या वाचकाकडे मी चौतीस वर्षं चष्म्यावरून बघत आलो. ती नजर कशी असते ते मला ठाऊक आहे. नवा फिल्टर आणायचा, गुपचूप बसवायचा, जुना गाडून टाकायचा, असं मी ठरवलं.

सुट्या भागांच्या दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस एकाच वेळी तिघांशी बोलत होता.

"बोला काका."

"एअर फिल्टर हवा होता. पिकअपचा."

"जुना घेऊन या."

"जुना... नाही."

"नाही म्हणजे?"

"हरवला."

त्याने बाकीच्या तिघांशी बोलणं थांबवलं. "फिल्टर हरवला? गाडीतून?"

माझे कान तापले. मी म्हटलं, "आपण नावावरून नाही का देऊ शकत?"

"देतो की. कागदी, कापडी का स्पंजचा? एकटा का आतल्या सेफ्टी फिल्टरसकट? गाडीचं साल कोणतं? त्या सालानंतर माप बदललंय. जुना आणला असतात तर एका मिनिटाचं काम होतं."

मागे रांग वाढत होती. मी "वाचून येतो" म्हणालो आणि बाहेर पडलो. हे उत्तर मला तेव्हा समर्पक वाटलं होतं.

मग मी खरंच वाचलं. कागदी फिल्टर धूळ उत्तम अडवतो, पण भरला की टाकून द्यायचा. कापडी धुऊन, तेल लावून वर्षानुवर्षं वापरता येतो, पण तेल जास्त झालं तर पंचाईत आणि कमी झालं तरी पंचाईत. स्पंज धुळीच्या रस्त्याला बरा. मी वहीत उभे-आडवे रकाने आखले, गुण दिले, बेरीज केली. कागदी फिल्टर पहिला आला. परीक्षक कागदाच्या बाजूचा आहे अशी शंका येऊन मी पुन्हा तपासलं. तरी तोच पहिला आला. पण कोणत्या मापाचा, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. डबा मोजून मी अंदाजाने एक आणला. तो बोटभर उंच निघाला, झाकण बसेना. दुसरा आणला. तो उंचीला बरोबर होता, पण त्याच्या मधलं भोक इतकं लहान की नळीवर चढेना. काउंटरवाला आता मला लांबूनच ओळखू लागला. "काय काका, सापडला का?" असं तो रस्त्यावरूनच ओरडून विचारी, आणि येणारे-जाणारे माझ्याकडे, काय हरवलंय म्हणून, कळवळ्याने बघत.

गाडीचं नक्की साल कळलं तर सुटका होईल म्हणून मी परिवहन कार्यालयात गेलो. तीन खिडक्यांवरून फिरून चौथ्या खिडकीपाशी आलो. आतल्या लेखनिकबाईंनी नोंदवही उघडली.

"तयार झाल्याचं साल एक आहे आणि नोंदणीचं दुसरं. कोणतं हवंय?"

"जे खरं असेल ते."

"दोन्ही खरी आहेत." त्यांनी पुन्हा वहीत पाहिलं. "वाहनाचा प्रकार 'ग्रंथवाहन' असा लिहिलाय. तुम्ही ग्रंथ वाहता?"

"आता नाही. आता कपाटं, पलंग."

"मग प्रकार बदलायचा अर्ज करायला हवा तुम्ही."

"करीन. पण आत्ता मला फक्त फिल्टरसाठी..."

"फिल्टरसाठी?" त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज एकदम घरगुती झाला. "अहो काका, त्यासाठी इथवर कशाला आलात? जुना घेऊन दुकानात जायचं."

रविवारी ताईचा फोन आला. तिला मी फक्त नोटिशीबद्दल सांगितलं.

"सुटलास," ती म्हणाली. "विकून टाक ते धूड. तुला काय करायचीय गाडी?"

"लोक येतात गं."

"लोक गाडीसाठी येतात, तुझ्यासाठी नाही."

"ते मला ठाऊक आहे."

मग ती माझ्या रक्तदाबाची चौकशी करू लागली. ताई मनाने वाईट नाही. तिला फक्त खरं बोलायची सवय आहे.

सातव्या दिवशी मी जुना फिल्टर काढला, कापडी पिशवीत घातला आणि दुकानात गेलो. बाहेरच्या फुटपाथवर दोनदा पुढे जाऊन मागे आलो. शेवटी पिशवी काउंटरवर ठेवली.

"सापडला?" असं म्हणत काउंटरवाल्याने तो बाहेर काढला. त्याने तो फिरवून पाहिला. नखाने टकटक केली. डोळ्यासमोर धरून दिव्याकडे पाहिलं. प्रकाशाचा कणही पलीकडून येत नव्हता.

"हे काय आहे?"

"एअर फिल्टर."

"ते दिसतंय. त्याच्यावर काय आहे?"

"खळ," मी म्हणालो. "मैद्याची. थोडा मोरचूद घालून. म्हणजे कसर लागत नाही."

"फिल्टरला कसर?"

"पुस्तकांना लागते."

रांगेतले दोघे-तिघे पुढे सरकले. कोपऱ्यात नट शोधत असलेले मिस्त्री उठून आले. सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला. "गाडीचं नाक दाबून धरलंत की हो," मिस्त्री म्हणाले, आणि दुकान हसलं. मी काउंटरच्या कडेला धरून उभा होतो. चष्म्यावरून मात्र माझ्याकडे कुणीच बघितलं नाही. त्यांच्यापैकी कुणाला चष्माच नव्हता.

"पण काम सुरेख आहे," काउंटरवाला म्हणाला. "एक घडी चुकली नाही. कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

त्याने मागे न बघता वरच्या फळीवरून एक खोका काढून समोर ठेवला. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

आठव्या दिवशी अंगणात चाचणी झाली. सेक्रेटरींनी आपला पांढरा रुमाल धुराच्या नळीपाशी धरला आणि मी गाडी सुरू केली. गाडी मांजरासारखी गुरगुरली. रुमाल पांढराच राहिला. सेक्रेटरींनी तो सगळ्यांना दाखवला, घडी करून खिशात घातला आणि जाऊन नोटीस काढून टाकली. "काय होतं हो शेवटी?" त्यांनी विचारलं. "फिल्टर," मी म्हणालो. "मी तुम्हाला म्हणालोच होतो," ते म्हणाले. ते डिझेलात पाणी म्हणाले होते.

मी घरी येऊन बसलो. हातात पुस्तक, कान दाराकडे.

एक आठवडा बेल वाजली नाही. दुसऱ्या आठवड्यात मी बटण दाबून पाहिलं; बेल चालू होती. कदाचित लोकांना गाडी दुरुस्त झाल्याचं ठाऊक नसेल, म्हणून मी रोज सकाळी खाली जाऊन ती पाच मिनिटं सुरू ठेवू लागलो. शिंपीमामांनी सुई थांबवून हात केला. मीही केला. पुन्हा सुई सुरू झाली.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी खाली आवाज झाला. खिडकीतून पाहिलं तर अंगणात एक भाड्याचा टेम्पो उभा होता, माझ्या पिकअपला अगदी खेटून. चार माणसं त्यात कपाट चढवत होती. आरशाचं मोठं कपाट. सेक्रेटरींचं.

मी खिडकीतून मागे झालो. पुस्तक उघडलं. एकच ओळ तीनदा वाचली. मग चपला घालून खाली गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही; पायऱ्या उतरताना मी प्रत्येक मजल्यावर परत फिरण्याचा निर्णय घेत होतो.

मला पाहून सेक्रेटरी चपापले. "अहो, हे बहिणीकडे चाललंय," ते म्हणाले. "म्हटलं तुम्हाला कशाला पुन्हा त्रास."

"गाडी आता चांगली आहे."

"हो हो, आहे ना. उत्तम आहे." त्यांनी टेम्पोच्या दोरीची गाठ उगाच ओढून पाहिली. "खरं सांगू का काका? रागावू नका. मागे फ्रीज आणला तेव्हा जाऊन-येऊन दीड तास मी तुमच्या शेजारी होतो. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. घरी आल्यावर हिने विचारलं तर मी म्हटलं, काका वैतागलेत वाटतं. शिक्षिकाबाईही तेच म्हणत होत्या. माणूस भला आहे, पण नाइलाजाने येतो. नाही म्हणवत नाही म्हणून. मग धुराचं झालं, म्हटलं आता तरी त्यांना मोकळं करावं."

दोन वर्षं. दोन वर्षं मी त्या कॅबिनमध्ये कान देऊन बसलो होतो. त्यांच्या मुलीला कोणत्या विषयात गोडी आहे ते मला माहीत होतं, त्यांच्या धाकट्या भावाने जमिनीच्या वाटणीत काय केलं ते माहीत होतं. एकदाही 'मग पुढे?' असं विचारायचं मला सुचलं नव्हतं. वाचताना पुस्तकाला कुणी विचारतं का?

मला बरंच काही म्हणायचं होतं. 'मी वैतागलो नव्हतो' हे तरी म्हणायला हवं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"तो धूर मी केला होता."

"आँ?"

"फिल्टर फाटला होता. मी तो चिकटवला. खळीने. सगळा."

सेक्रेटरींनी दोरी सोडली. "खळीने? म्हणजे पतंगाची असते तसली?"

"नाही, पुस्तकबांधणीची. पतंगाची पातळ असते. हिच्यात मोरचूद घालतात."

"आणि मी इकडे रुमाल घेऊन..." त्यांचे खांदे हलायला लागले. "थांबा, थांबा. पहिल्यापासून सांगा. खळ शिजवलीत? घरी?"

"साहेब, निघायचं का?" टेम्पोवाला ओरडला.

"थांबा हो दोन मिनिटं! मग? दुकानात काय सांगितलंत?"

"हरवला म्हणून सांगितलं."

"फिल्टर हरवला!" सेक्रेटरी टेम्पोच्या फळीला टेकून हसू लागले. वर शिक्षिकाबाईंची खिडकी उघडली. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "बाई, तुमच्या चादरीचा गुन्हेगार कबुलीजबाब देतोय," सेक्रेटरींनी वर ओरडून सांगितलं. "असं? मग मी येईपर्यंत पुढचं सांगू नका," म्हणत बाईंनी खिडकी लावली.

टेम्पोवाल्याने हॉर्न दाबला. सेक्रेटरींनी एकदा टेम्पोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्याला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. पत्ता दिलाय ना? आम्ही मागून येतो." आणि जाऊन माझ्या कॅबिनमध्ये बसले. पाठोपाठ शिक्षिकाबाई आल्या, म्हणाल्या, "सरका," आणि त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांना कुठेही जायचं नव्हतं.

मागे रिकामा हौदा घेऊन मी टेम्पोमागे निघालो. सेक्रेटरी म्हणाले, "हं, मग पुढे?" पुढे टेम्पोत कपाट उभं होतं, तोंड आमच्याकडे करून. त्याच्या आरशात माझी गाडी दिसत होती, आणि काचेमागे तीन माणसं. दोघं हसत होती. तिसऱ्याचं तोंड सारखं हलत होतं, आणि तो स्टिअरिंगवरचा एक हात उचलून काहीतरी समजावून सांगत होता. तो मीच आहे, हे ओळखायला मला पहिल्या सिग्नलपर्यंत वेळ लागला.